न मागणाऱ्यांची यादी

सासूबाई आमच्या शनिवारच्या बैठकीला पहिल्यांदा आल्या त्या पाळत ठेवायला. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. त्यांची सून दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी दोन वाजता लॅपटॉपची पिशवी पाठीला लावून बाहेर पडायची आणि सहाला परत यायची. "काय केलंस गं?" असं विचारलं की म्हणायची, "कोड लिहिला." आठवडाभर कंपनीत पगार घेऊन जे करते तेच सुट्टीच्या दिवशी फुकट करायला ही जाते कुठे, हे कोडं काही त्यांना सुटेना. शेवटी एका शनिवारी त्यांनीही चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल, मीही येते. बघू तरी."

आमची बैठक भरते ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या लांबट हॉलमध्ये. पूर्वी तिथे टायपिंगचा क्लास होता. टेबलं अजून तीच आहेत, मशीन पक्कं बसवायला पाडलेल्या चार-चार भोकांसकट, आणि त्या भोकांतून आमच्या पेन्सिली खाली पडत असतात. आम्ही पंधरा-सोळा जण. मी दातांच्या कवळ्या बनवतो आणि प्रोग्रामिंग हौसेपायी शिकलो. एक बाई औषधाच्या दुकानात काम करतात, एक जण नकाशे काढतो, एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका आहेत. खरोखर पोटापाण्यासाठी कोड लिहिणारे तीन-चारच, त्यातली एक सासूबाईंची सून. आपापल्या कामातली एखादी अडचण घेऊन यायचं, दोघादोघांनी एका मशीनवर बसून ती सोडवायची, आणि जे लिहू ते सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं, एवढाच आमचा शिरस्ता.

सासूबाई जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. सून म्हणाली, "या माझ्या सासूबाई." पुढे नाव सांगणार तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकून चहाचा कप सांडला, सगळे लॅपटॉप उचलायला धावले आणि नाव राहूनच गेलं. त्या दिवसापासून त्या आम्हा सगळ्यांच्या सासूबाई झाल्या. पंधरा-सोळा जणांना मिळून एकच सासू, आणि तीही सगळ्यांना पसंत, असा योग विरळाच.

पहिल्या दिवशी त्या खिडकीजवळ खुर्ची घेऊन बसल्या आणि दोन तास एक अक्षर बोलल्या नाहीत. उठताना मात्र मला विचारलं, "दातवाले, तुम्ही सगळे इथे दुसऱ्याच्या चुका शोधता आणि तो रागावत नाही. हे कसं काय जमवलंत?"

मी म्हणालो, "रागावतो की. पण चूक सापडली नाही तर नंतर जास्त त्रास होतो."

"आमच्या डेपोत हे चालायचं नाही," त्या म्हणाल्या.

सासूबाई शहराच्या बस डेपोत ड्यूटीचा चार्ट लावायच्या. एकशे अठरा ड्रायव्हर आणि कंडक्टर. कुणी कुठल्या दिवशी कुठल्या मार्गावर, पहाटेची पाळी की दुपारची, साप्ताहिक सुट्टी कधी, रजेवरच्या माणसाच्या जागी कोण, हे सगळं त्या दर गुरुवारी एका मोठ्या कागदावर पेन्सिलीने मांडायच्या. बाविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागल्या, चार वर्षांनी चार्टच्या खुर्चीवर बसल्या, त्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत उठल्या नाहीत. कुणाचा गुडघा दुखतो म्हणून त्याला चढाचा मार्ग नको, कुणाची मुलं लहान म्हणून तिला पहाटेची बस नको, कोणत्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून त्यांना एका गाडीवर घालायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात असायचं. कागदावर फक्त आकडे.

त्यांचा डेपोत दरारा होता. त्यांचे यजमान त्याच डेपोत ड्रायव्हर होते. लग्नानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी त्यांना सलग सहा दिवस पहाटे चार पन्नासची गाडी लावली होती, कारण नियमाने त्यांचीच पाळी येत होती. ही गोष्ट डेपोत इतक्या वेळा सांगितली गेली की नव्याने लागलेल्या माणसाला गणवेशाबरोबर तीही मिळायची. चार्टवर रुसायचं नाही, असं तिथे म्हणत. ज्या बाईने नवऱ्याला सोडलं नाही ती आपल्याशी दुजाभाव काय करणार? यजमान जाऊन आता अकरा वर्षं झाली. दरारा तसाच होता.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा डेपो मॅनेजर त्यांना म्हणाले, "तुमच्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर उतरवा. नाहीतर तुम्ही गेल्यावर डेपोला कुलूप लावावं लागेल." सासूबाईंनी एक जाडजूड वही आणली, पहिल्या पानावर तारीख टाकली आणि अडल्या. काय लिहायचं? जे रोज करतो ते लिहायला बसलं की सुचत नाही. तीन आठवडे ती वही तशीच होती. मग एका शनिवारी त्यांनी ती पिशवीत टाकली आणि सुनेबरोबर आमच्याकडे आल्या, या वेळी कामासाठी.

त्यांची जोडी कुणाशी लावायची यावर थोडी कुजबुज झाली. सासूसुनेला एका मशीनवर बसवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं नकाशेवाल्याचं मत पडलं. पण सून म्हणाली, "घरी एका गॅसवर दोघी स्वयंपाक करतो, मग इथे काय होणार आहे?"

जोडीने काम करायचा आमचा नियम सोपा आहे. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने सांगायचं. सांगणाऱ्याने की-बोर्डला हात लावायचा नाही आणि टाइप करणाऱ्याने आपलं डोकं चालवायचं नाही. समजलं नाही तर विचारायचं. सून टाइप करू लागली, सासूबाई सांगू लागल्या. पहिल्या अर्ध्या तासात अख्खा हॉल आपापलं काम सोडून त्यांच्याकडेच कान लावून होता.

"लिही. दुपारची पाळी संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी पहाटेची लावायची नाही."

"लगेच म्हणजे किती तासांच्या आत?"

"अगं, माणूस झोपला पाहिजे ना."

"आई, मशीनला झोप कळत नाही. तास सांगा."

"दहा. नाही, थांब. लांब राहतात त्यांना अकरा."

"लांब म्हणजे किती?"

"तू मला घरी इतके प्रश्न विचारत नाहीस."

"घरी तुम्ही मला विचारू कुठे देता?"

हॉलमध्ये हसू पिकलं. सासूबाईही हसल्या, पण त्यांनी वही उघडली आणि त्या तासांचा नियम स्वतःच्या हाताने लिहून ठेवला. त्या वहीतली ती पहिली ओळ.

पुढचे चार-पाच महिने असेच गेले. बैठकीच्या शनिवारी त्या दोघी खिडकीजवळच्या टेबलावर. मधल्या दिवसांत सासूबाई डेपोत काम करता करता आपणच आपल्याला पकडायच्या: आत्ता मी याला ही गाडी का दिली? आणि कारण सापडलं की वहीत. सव्वीस नियम झाले. घरी सासूबाईंच्या मुलाची पंचाईत झाली. शनिवारचं जेवण त्याच्याकडे आलं, आणि भाजी करपली तर दोघी एका सुरात विचारू लागल्या, "गॅस मंद कधी केलास? नक्की किती वाजता?"

एका शनिवारी मात्र गाडी अडली. मी शेजारच्याच टेबलावर होतो, म्हणून तो संवाद मला जवळजवळ जसाच्या तसा आठवतो.

सून म्हणाली, "समजा, रविवारी एकाला अचानक रजा हवी आहे. त्याच्या जागी ज्यांना लावता येईल असे नऊ जण आहेत. नऊही जण सगळ्या नियमांत बसतात. त्यातला कोण निवडायचा?"

"ज्याला चालेल तो."

"कुणाला चालेल हे कसं कळतं?"

"कळतं."

"कळतं म्हणजे मी काय लिहू?"

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघ, काहींना विचारायला गेलं की डोक्यावर घेतात डेपो. काहींची कारणं तयार असतात. काही मात्र समजूतदार असतात. आपण त्यांच्याकडे जातो."

"समजूतदार कोण, त्याची यादी आहे?"

"यादी कशाला हवी? हात आपोआप तिकडे जातो."

सुनेला पुढे काय टाइप करावं ते समजत नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. मी सुचवलं की जुने चार्ट मशीनमध्ये भरू या. मागच्या तीन वर्षांचे. सासूबाईंचा हात कुणाकडे जातो ते त्यांना सांगता येत नसेल, पण चार्टमध्ये ते उमटलेलं असणारच. त्यावरून नियम काढता येईल. माझ्या मनात याहून वेगळं काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

मॅनेजरची परवानगी घेऊन सासूबाईंनी चार्ट आणले. तीन वर्षांचे एकशे छप्पन्न मोठे कागद, सुतळीने बांधलेले. ते भरायला आम्ही सगळेच बसलो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. औषधाच्या दुकानातल्या बाईंना डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय, त्यामुळे खोडलेले आकडे त्यांच्याकडे जायचे. तीन शनिवार लागले. चौथ्या शनिवारी सुनेने दहा-बारा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला: प्रत्येक माणसाला तीन वर्षांत रविवारची सुट्टी किती वेळा मिळाली ते मोजणारा. डेपोत रविवारी गाड्या कमी असतात आणि साधारण तीनातल्या एकाला त्या दिवशी सुट्टी देता येते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बावन्नच्या आसपास रविवार यायला हवेत.

बहुतेकांचा आकडा पंचेचाळीस ते साठच्या मध्ये होता. सासूबाईंनी मान डोलावली. सुनेने यादी वर सरकवली. सगळ्यात वरच्या तिघांना नव्वदच्या पुढे रविवार मिळाले होते. "हे तिघं सारखे माझ्या टेबलाशीच असतात," सासूबाई म्हणाल्या. मग सून यादीच्या तळाशी गेली. शेवटच्या नावापुढे नऊ होते.

"हे चुकलंय," सासूबाई म्हणाल्या. "एकोणपन्नास असेल. टाइप करताना राहिलं असेल."

सुनेने पुन्हा चालवून पाहिलं. नऊ. मग गणिताच्या शिक्षिका आणि सासूबाई मिळून कागदांवरच शोधायला लागल्या. एकशे छप्पन्न कागद, एकेक करून. तास-सव्वा तासाने शिक्षिकाबाईंनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाल्या, "नऊच आहेत."

तो माणूस कंडक्टर होता. डेपोत त्याला थट्टेने रेडिओ म्हणायचे, कारण दिवसभरात तो तिकिटापलीकडे बारा शब्दही बोलायचा नाही. एकोणीस वर्षं नोकरी, एकही तक्रार नाही, रजेचा अर्ज वर्षाकाठी एखादा. सासूबाईंनी त्याचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाल्या, "तो कधी काही म्हणत नाही." हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज उतरला होता. मग त्यांनी चार्टचे कागद नीट रचले, सुतळी बांधली, आणि सुनेला म्हणाल्या, "मी बसने जाते. तू सावकाश ये."

पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सून यायची, पण तिचंही लक्ष नसायचं. एकदा जिन्यात ती मला म्हणाली, "घरी काही बोलत नाहीत. काल रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, की मी यांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सगळ्यांच्या देखत पहाटेची गाडी लावली आणि मला वाटलं मी न्याय केला. दिसत होतं तेवढंच मी सांभाळलं." पुढे ती म्हणाली, "मला वाटतं, त्यांना सर्वांत जास्त याचं लागलंय की त्यांनी हे मुद्दाम केलेलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान ठाऊक तरी असतं."

सासूबाईंनी महिनाभर घेतला. मग एका दुपारी, पाळी बदलायच्या वेळेला, त्या डेपोच्या कँटीनमध्ये गेल्या. रेडिओ कोपऱ्यातल्या टेबलावर डबा उघडून बसले होते. सासूबाई समोर बसल्या. हे पुढचं मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना स्वतःला कुठेही सावरून घेतलं नाही.

त्या म्हणाल्या, "मी तुमच्यावर अन्याय केला. तीन वर्षांत तुम्हाला नऊ रविवार दिले. बाकीच्यांना पन्नासच्या आसपास. त्याआधीची सोळा वर्षं मी मोजली नाहीत. माझी हिंमत झाली नाही."

रेडिओंनी घास संपवला. म्हणाले, "मला माहीत आहे."

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"पहिली दोन वर्षं वाटायचं बोलावं. मग म्हटलं, तुम्ही लावता म्हणजे विचार करूनच लावत असाल. तुम्ही नवऱ्यालासुद्धा सोडलं नव्हतं."

सासूबाई मला म्हणाल्या, "दातवाले, त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेऊन घरी गेले असते. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता हो. त्या विश्वासावरच मी त्याचे रविवार खाल्ले."

रेडिओंची बायको एका शाळेच्या कचेरीत होती. सकाळी सहाला घर सोडायची. रेडिओ बहुधा दुपारच्या पाळीत. घरी पोचेपर्यंत ती झोपलेली. सुट्टी मधल्या वारी मिळायची, तेव्हा ती कामावर. दोघं स्वयंपाकघरातल्या फळीवर एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवत: दूध संपलं आहे, नळवाला येणार आहे, धाकटीला बरं वाटतंय. लहानपणी त्यांच्या मुलीने शाळेच्या निबंधात लिहिलं होतं की माझे बाबा फार छान अक्षर काढतात. हे सांगताना रेडिओ हसले, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांना हसता आलं नाही.

"आता काय करू, सांगा," सासूबाईंनी विचारलं. "तुमच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. चौदा महिन्यांचे सगळे रविवार तुम्हाला देते."

"सगळे नकोत," रेडिओ म्हणाले. "दुसऱ्या कुणाचे तरी जातील. बाकीच्यांना मिळतात तेवढे द्या." डब्याचं झाकण लावता लावता ते थांबले. "त्याहून थोडे जास्त दिलेत तर नाही म्हणणार नाही."

एक आड एक ठरलं. वर्षाकाठी एखादा रजेचा अर्ज सोडला, तर एकोणीस वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट.

पुढच्या शनिवारी सासूबाई हॉलमध्ये आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "ऊठ. आज मी टाइप करते. तू सांग." दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्या बसल्या. त्यांना एकच गोष्ट प्रोग्राममध्ये घालायची होती. रजा मागणाऱ्यांची नोंद तर आपोआप राहते, कारण ते अर्ज देतात. ज्यांनी सहा महिन्यांत काहीच मागितलं नाही अशांची यादी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पडद्यावर आली पाहिजे, आणि चार्ट लावणाऱ्याने त्या प्रत्येकाला जाऊन विचारलं पाहिजे. विचारलं अशी खूण केल्याशिवाय पुढचा चार्ट उघडायचाच नाही.

सून म्हणाली, "आई, हे जरा जास्त होतंय. चार्ट अडला तर गाड्या अडतील."

"अडू देत. मी असते तर अडल्या नसत्या. पण मी नसणार आहे."

त्यावर तासभर वाद झाला आणि आम्ही सगळेच त्यात पडलो. औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, सक्ती केली की माणसं न विचारताच खूण करतात. औषधांच्या तारखा तपासल्याच्या खुणा त्या स्वतः कशा करतात ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. शेवटी असं ठरलं की खुणेऐवजी एक ओळ लिहायची: तो माणूस काय म्हणाला. काही नको म्हणाला तर तेही त्याच्याच शब्दांत. चार्ट अडणार नाही, पण ओळ लिहिली नाही तर ते नाव चार्टच्या डोक्यावर लाल रंगात दिसत राहील. सासूबाईंना हे पटलं. त्यांची दोन बोटं आणि सुनेचं तोंड, असं करत त्यांनी ते दोन शनिवारांत पुरं केलं.

डेपोत त्यांनी याहून अवघड काम केलं. सगळ्यांच्या रविवारांची यादी सूचनाफलकावर लावली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "हा फरक माझ्याकडून झाला आहे. कुणी सांगून झालेला नाही. यापुढे ही यादी दर महिन्याला इथे लागेल." खाली सही.

मॅनेजर वैतागले. "कुणी विचारलं होतं का? झाकली मूठ होती ती. आता रांग लागेल." रांग लागलीच. पहिल्या आठवड्यात सतरा जण आले. वरच्या तिघांपैकी एक जण तर टेबलावर हात आपटून म्हणाला, "आमचे रविवार काढून घेता म्हणजे आम्ही चोर काय?" सासूबाई म्हणाल्या, "चोर कुणीच नाही. तुम्ही मागितलं, मी दिलं. आता मोजून देणार." तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. एकेकाळी चार्टवर कुणी रुसत नसे. ते दिवस संपले. लोक आता यादीपाशी उभे राहून हिशेब लावत, शंका काढत, आणि दोनदा तर त्यांनी खरोखरच चूक शोधून काढली. सासूबाईंनी ती तिथल्या तिथे पेन्सिलीने दुरुस्त केली.

"दरारा गेला," त्या एकदा मला म्हणाल्या. थोडं वाईट वाटत होतं त्यांना. ते त्यांनी लपवलं नाही.

रेडिओंना एक आड एक रविवार मिळू लागले. तीन महिन्यांनी त्यांची बायको डेपोत आली, सासूबाईंना भेटायला. सासूबाई घाबरल्या होत्या. आता ही काय बोलणार? ती बाई बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमचे उपकार आहेत, पण खरं सांगू? पहिले चार रविवार आम्हाला एकमेकांशी काय बोलावं तेच सुचेना. हे खुर्चीत बसून, मी ओट्यापाशी. पाचव्या रविवारी यांनी मला विचारलं, तू भाजीत मीठ शेवटी का घालतेस? त्यावरून आम्ही इतके भांडलो, इतके भांडलो, की दुपारचं जेवण चार वाजता झालं." आणि ती बाई हसायला लागली. सासूबाईही. दोघींनी मग कँटीनमध्ये चहा घेतला.

सासूबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मॅनेजरांनी भाषण केलं, आणि एका जणाने पुन्हा ती चार पन्नासच्या गाडीची गोष्ट सांगितली. सासूबाईंनी त्याला मध्येच थांबवलं. "ती गोष्ट आता पुरे," त्या म्हणाल्या. "पुढेही मी यांना तीच गाडी लावत राहिले, आणि माझ्या मुलाने कित्येक वर्षं त्याच्या वडिलांना सकाळी पाहिलंच नाही." मुलगा मागच्या रांगेत बसला होता. सून सांगत होती, घरी जाताना बसमध्ये तो आईशेजारी बसला आणि वडील पहाटे निघताना किती हळू दार ओढून घ्यायचे ते सांगू लागला. ते त्याला आठवत असेल याची सासूबाईंना कल्पनाच नव्हती.

त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुणी आहे. प्रोग्राम तीच वापरते, आणि तिने त्यातले तीन नियम बदललेही आहेत. सासूबाईंना एक पटलेला नाही. त्या दोघींचं त्यावर अजून चालू आहे.

निवृत्तीनंतर त्या शनिवारी येणं बंद करतील असं मला वाटलं होतं. त्या येतच राहिल्या. सून आता बाळंतपणासाठी घरी आहे, म्हणून सासूबाई एकट्याच येतात आणि संध्याकाळी घरी जाऊन तिला सगळं सांगतात. सून मग चुका काढते. गेल्या दोन महिन्यांपासून त्यांची जोडी एका परिचारिकेशी लागली आहे. ती तिच्या इस्पितळातल्या एका मोठ्या वॉर्डच्या पाळ्या लावते. तिच्याकडे चौतीस जणी आहेत. पहिल्या दिवशी तिने आपली वही टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "माझं तसं सगळं बरोबर आहे. फक्त मशीनवर घ्यायचंय."

सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "घेऊ या," त्या म्हणाल्या. "तू सांग, मी टाइप करते. जरा हळू सांग."